पुस्तकांची पेटी पाठविणारे महाराज

मुलांनो, चिखलदऱ्याच्या डोंगरात दूरदूर वसलेली लहान गावे तुम्ही पाहिली आहेत. तेथे पुस्तकांचे दुकान नसते. अशा गावी पुस्तकांनी भरलेली पेटीच आली तर? बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यात हेच केले.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी घरात झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळ. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. मग ते नेमाने अभ्यास करू लागले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा ते शिकले.

पुढे १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर मूल शिकलेले विसरते. यावर उपाय म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी स्वतःचे सुमारे वीस हजार ग्रंथ त्याला दिले. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी पैसे जमविले, की सरकार त्यात भर घाली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. एका गावातील वाचन संपले, की पेटी परत येई.

१९३९ साली महाराजांचे निधन झाले. ते ग्रंथालय आजही बडोद्यात आहे.

मुलांनो, तुमच्या शाळेतही पुस्तकांचे कपाट असेल. ते बंद राहू देऊ नका.