१९ जणांचा जीव घेणारी ती एक बाटली आणि बदनाम झालेले हाफकिन

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात लाळ्या-खुरकुताचं लसीकरण असलं की डॉक्टर बर्फाच्या पेटीतून बाटली काढतात. तिच्यावर बॅच नंबर असतो. १९४५ च्या औषध नियमांनुसार जनावरांच्या लसींचीही चाचणी झाल्याशिवाय त्या बाजारात येत नाहीत.

पण एका नंबराचं एवढं काय? ते समजून घ्यायचं तर वाल्देमार हाफकिन यांची गोष्ट माहीत हवी.

जन्म १८६० चा, ओडेसाचा. शिक्षण प्राणिशास्त्राचं, डॉक्टरकीची पदवी नाही. पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काही महिन्यांतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ती लाखो लोकांना दिली गेली.

मग आलं ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. या १९ही जणांची लस एकाच बाटलीतली होती. नंबर ५३-एन.

चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, हा मुख्य आक्षेप. त्यांचं पद गेलं.

नंतर उलगडलं ते वेगळंच. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण तोवर मुंबईची जागा दुसऱ्याकडे गेली होती. ते कोलकात्यात रुजू झाले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

बाटलीचा नंबर लिहिलेला होता, म्हणूनच १९ मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत लागला. आणि लस चांगली असूनही घात शेवटच्या पायरीवर झाला. सरकारी चाचणी कारखान्यातली बाटली तपासते, गोठ्यातली सुई नाही. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर गोठ्यात आले की सुई स्वच्छ आहे ना ते बघा आणि बॅच नंबर वहीत टिपून ठेवा.