टाके निघाल्यानंतर

जानेवारी १८७४. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात अकरा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. तिला गलगंड होता. सर्जनने नुसता फुगलेला भाग काढला नाही, सगळी थायरॉइड ग्रंथीच काढून टाकली. मुलगी वाचली, जखम भरली, ती घरी गेली. त्या काळच्या हिशेबानं सर्जनचं काम इथं संपलं. ते संपलेलं नव्हतं हे पुरतं लक्षात यायला नऊ वर्षं जावी लागली.

त्या सर्जनचं नाव थिओडोर कोखर. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी जाताना जो कागद मिळतो, त्यावर बऱ्याच सूचना असतात. सकाळी उपाशीपोटी गोळी, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा, आवाजाकडे लक्ष ठेवा, व्रणाला ऊन लागू देऊ नका. त्यातल्या बहुतेक सूचनांच्या मुळाशी गेलं की या माणसाच्या कारकिर्दीत येऊन पोहोचतो. काही त्यांच्या कौशल्यातून आल्या, काही त्यांच्या चुकीतून.

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्नमध्येच झाला. वडील अभियंता, आई अतिशय धार्मिक. आईची ती श्रद्धा मुलानं जन्मभर जपली. १८६५ मध्ये बर्नमधून वैद्यकीय पदवी घेऊन ते झ्युरिक, बर्लिन, लंडन, पॅरिस असे फिरले. तेव्हाच्या नामांकित सर्जनांचे हात त्यांनी जवळून पाहिले. त्यांत थिओडोर बिलरोथही होते. १८७२ मध्ये बर्न विद्यापीठातलं शस्त्रक्रियेचं प्राध्यापकपद रिकामं झालं. विद्याशाखेच्या मनात बाहेरचा माणूस होता. विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक डॉक्टरांनी कोखर यांच्यासाठी जोर लावला, सरकारनं त्यांचं ऐकलं आणि वयाच्या ३१व्या वर्षी ते प्राध्यापक झाले. पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांनी बर्न सोडलं नाही.

गलगंडासाठी बर्नसारखी जागा शोधून सापडली नसती. आल्प्सच्या परिसरातल्या माती-पाण्यात आयोडीन फार कमी. ते मिळवण्यासाठी थायरॉइड ग्रंथी फुगत जाते आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. काहींची गाठ इतकी वाढायची की श्वासनलिका दबून माणूस घुसमटायचा. (आयोडीनयुक्त मीठ स्वित्झर्लंडमध्ये आलं ते १९२२ मध्ये.) अशा रुग्णांना चाकूखेरीज उपाय नव्हता आणि चाकू लावायला सर्जन धजत नव्हते. ग्रंथीला रक्तपुरवठा प्रचंड, शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या, वर जंतुसंसर्ग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा शस्त्रक्रियांमध्ये दहातले चार रुग्ण दगावत. फ्रान्सच्या वैद्यक अकादमीनं तर १८५० मध्ये ही शस्त्रक्रिया निषिद्धच मानली होती.

कोखर यांनी केलं ते सांगायला साधं आहे. ते सावकाश काम करत. भूल येण्यापूर्वीच्या काळात जो सर्जन झपाट्यानं कापेल तो मोठा समजला जाई आणि भूल आल्यावरही तो रुबाब पुष्कळांच्या हातातून गेला नव्हता. कोखर एकेक रक्तवाहिनी शोधत, चिमट्यात धरत, बांधत आणि मगच पुढं सरकत. त्यासाठी त्यांनी दातेरी टोकाचा चिमटा तयार केला. तो आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्यांच्याच नावानं मागितला जातो. लिस्टर यांचं जंतुनाशक तंत्र त्यांनी लवकर आणि कडकपणे अंगीकारलं. त्यांच्या पहिल्या शंभरेक गलगंड शस्त्रक्रियांमध्ये शेकडा तेराच्या आसपास रुग्ण दगावले. १९१२ पर्यंत शस्त्रक्रियांचा आकडा पाच हजारांवर गेला होता आणि मृत्यूचं प्रमाण दोनशेत एक इतकं खाली आलं होतं.

रक्तस्रावाची ती जुनी भीती आजच्या कागदावरही एका ओळीत उरली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसात गळा झपाट्यानं सुजू लागला, आवळल्यासारखं वाटलं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर आत रक्त साचत असू शकतं. तिथं सकाळची वाट पाहायची नाही, फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं. गिळताना दुखणं, मान अवघडणं, उशी उंच घ्यावीशी वाटणं मात्र नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं थोड्या दिवसांत कमी होतं.

कोखर यांनी गळ्यावरचा छेदही बदलला. आधी ते मानेच्या स्नायूच्या कडेनं तिरके छेद घेत. पुढं गळ्याच्या खालच्या बाजूला, कातडीच्या नैसर्गिक घडीला धरून आडवा छेद घेणं त्यांनी रूढ केलं. कल्पना एकट्या त्यांची नव्हती, पण ती जगभर पोहोचली त्यांच्यामुळे. सदऱ्याची कॉलर बसते तिथला हा छेद. घडीच्या दिशेनं कापलेल्या कातडीवर ताण कमी पडतो, म्हणून व्रण बारीक राहतो आणि पुढं घडीतच मिसळून जातो. आजही उघड्या पद्धतीनं थायरॉइड काढताना छेद याच जागी असतो, फक्त बराच आखूड.

छेद चांगला असला तरी पुढचं बरंचसं रुग्णाच्या हातात असतं. जखम पूर्ण मिटेपर्यंत तिला स्वच्छ आणि कोरडं ठेवणं एवढंच काम. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अंघोळीचं पाणी लागलं तर चालतं, पण घासायचं नाही, टिपून घ्यायचं; पोहणं नंतर. हळद, तूप, लिंबू, कुणी सांगितलेला लेप यांतलं काहीही ओल्या जखमेवर नको. दोन-तीन आठवड्यांनी व्रणाखाली कडक, सुजल्यासारखं लागतं, वरची कातडी बधिर वाटते, गिळताना व्रण आत ओढल्यासारखा होतो. याच सुमारास बरेच जण घाबरतात, पण हा भरून येण्याचाच भाग आहे. खपल्या गेल्यावर सर्जनच्या सल्ल्यानं हलका मसाज आणि सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सुरू करता येते. तिचा उपयोग व्हायला दोन-तीन महिने नेमानं लावावी लागते. व्रणाचा लालसरपणा उतरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर त्यावर पडलेलं ऊन त्याला काळपट करून ठेवतं, म्हणून बाहेर पडताना ओढणी, पदर, कॉलर किंवा किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन. मंगळसूत्र किंवा साखळी नेमकी तिथं घासत असेल तर काही दिवस बाजूला. सावळ्या कातडीत व्रण जाड होऊन वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर असं पूर्वी झालं असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधीच सांगावं. व्रण खाजू लागला, उंच होत चालला, तर लवकर दाखवावं. सुरुवातीला दिलेली इंजेक्शनं बरं काम करतात.

बर्नमधल्या त्या मुलीचं दुखणं मात्र व्रणावर दिसणारं नव्हतं. तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी कोखर यांना कळवलं होतं की ती बदलली आहे, सुस्त आणि अबोल झाली आहे. पुढं १८८२ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाचे सर्जन जाक-लुई रेव्हर्दँ भेटले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांमध्ये काही महिन्यांनी विचित्र अशक्तपणा आणि सूज दिसते, असं त्यांनी सांगितलं. कोखर बर्नला परतले आणि त्यांनी जुन्या रुग्णांना पत्रं धाडून परत तपासणीला बोलावलं. आज फॉलोअप हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. बरा म्हणून घरी पाठवलेला रुग्ण वर्षानुवर्षांनी मुद्दाम बोलावून पाहणं तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं.

ज्यांची ग्रंथी अर्धवट काढली होती ते ठणठणीत होते. संपूर्ण काढलेल्यांपैकी अठरा जण आले. त्यांतल्या सोळा जणांचे चेहरे सुजलेले, कातडी कोरडी, केस विरळ, हातपाय गार, बोलणं जड, विचार मंद. ती मुलगीही आली. शस्त्रक्रियेपूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या दिसत. आता बहीण उमलत्या वयाची देखणी तरुणी झाली होती आणि ही तिच्या शेजारी खुजी, निस्तेज, मतिमंद दिसत होती.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखर यांनी हे सगळं मांडलं आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी यापुढं काढणार नाही असं ठरवलं. कीर्ती वाढत असताना आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांची अशी उलटतपासणी करायला धैर्य लागतं. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. हे का झालं याचं कारण त्यांनी चुकीचं दिलं. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला प्राणवायू कमी पडतो, असं त्यांना वाटलं. रेव्हर्दँ यांच्या वाट्याचं श्रेयही त्यांनी हात आखडून दिलं. तो वाद बरीच वर्षं धुमसत राहिला. ग्रंथी नसणं हेच या आजाराचं कारण, हे फेलिक्स सीमन यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये सुचवलं तेव्हा पुष्कळांना ते पटलं नाही. तिथल्या समितीनं १८८८ मध्ये ते मान्य केलं.

व्हिएन्नात बिलरोथही गलगंड काढत होते, पण त्यांच्या रुग्णांना हा त्रास सहसा होत नसे. त्यांना हातापायांत पेटके येत, बोटं वाकडी होऊन आखडत. हे कोडं अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी दोघांचे हात पाहून उलगडलं. बिलरोथ झपाट्यानं काम करत. घाईत थायरॉइडचे तुकडे मागं राहत आणि तिला चिकटलेल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जात. कोखर रक्ताचा थेंब न सांडता थायरॉइड कणभरही न ठेवता काढत, पॅराथायरॉइड मात्र जागच्या जागी राहत. म्हणजे कोखर यांच्या रुग्णांना जो आजार झाला तो त्यांच्या हाताच्या सफाईमुळे झाला.

बिलरोथ यांच्या रुग्णांचे ते पेटके आजच्या कागदावर कॅल्शियमच्या गोळ्यांच्या रूपात आहेत. पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या जाग्यावर राहिल्या तरी दुखावतात आणि काही दिवस ते त्यांना जमत नाही. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येणं ही पहिली खूण, पेटके ही पुढची. ती थकव्यावर ढकलू नये. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत सावरतात.

कोखर यांच्या रुग्णांवरचा उपाय १८९१ मध्ये आला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क अशाच आजाराच्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतला मूळ घटक, थायरॉक्सिन, वेगळा केला. ग्रंथी पूर्ण काढलेल्या माणसाची सकाळची गोळी म्हणजे हेच थायरॉक्सिन, प्रयोगशाळेत घडवलेलं. ती पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, मध्ये चार तास हवेत. मात्रा जुळली की नाही हे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून कळतं. बरं वाटतंय म्हणून ती बंद करणाऱ्यांची गत काही महिन्यांनी बर्नच्या त्या सोळा जणांसारखी होऊ लागते.

आवाजाची काळजीही कोखर यांना होती. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. गलगंडाच्या पुष्कळ शस्त्रक्रिया ते पूर्ण भूल न देता, तेवढीच जागा कोकेननं बधिर करून करत. रुग्ण जागा असल्यानं आवाज कळे. १९१३ च्या जूनमध्ये लेनिन आपली पत्नी नदेझ्दा क्रुप्स्काया यांना घेऊन बर्नला आले ते याच सर्जनकडे. क्लोरोफॉर्मशिवाय झालेली ती शस्त्रक्रिया सोपी गेली नाही, नंतर तापही चढला. कोखर यांनी डोंगरावर जाऊन काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. पक्षाची कामं निघाली आणि दोघं तशीच परतली. क्रुप्स्काया पुढं १९३९ पर्यंत जगल्या. आजही आवाज घोगरा होणं, उंच सूर न लागणं हे अनेकांना काही आठवडे जाणवतं. ते रेंगाळलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावं लागतं.

१९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी कोखर यांना नोबेल मिळालं. सर्जनला मिळालेलं ते पहिलं. तीन वर्षांनी त्यांनी बर्न विद्यापीठाला संशोधन संस्थेसाठी दोन लाख फ्रँक दिले. २३ जुलै १९१७ रोजी तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रुग्णालयातून बोलावणं आलं. वय पंचाहत्तर. त्यांनी ती शस्त्रक्रिया पूर्ण केली, मग बरं वाटेना म्हणून घरी जाऊन पडले आणि पडल्या पडल्या आपल्या नोंदींवर काम करत राहिले. चार दिवसांनी, २७ जुलैला, ते गेले.