नदीची नाडी पाहणारा शास्त्रज्ञ

मनगटावर बोटे ठेवून वैद्य रोग्याची प्रकृती ओळखतो. नदी आजारी पडली, तर तिची नाडी कोठे पाहावी? ती नदीच्या तळाशी राहणाऱ्या क्षुद्र जीवांत पाहावी, हे ज्यांनी दाखवून दिले, त्या शास्त्रज्ञांत अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्ज यांची गणना होते.

फोर्ब्ज यांचा जन्म २९ मे १८४४ रोजी इलिनॉय राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. थोरला भाऊ हेन्री याने घराचा भार उचलला व धाकट्या भावाच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सतरा वर्षांचे स्टीफन घोडदळात दाखल झाले. १८६२ मध्ये ते शत्रूच्या हाती सापडले आणि चार महिने त्यांना बंदिवास भोगावा लागला. परंतु विद्येची ओढ अशी, की तुरुंगातही त्यांनी ग्रीक भाषेचा अभ्यास केला!

युद्धानंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण आरंभिले. पण ते पुरे होऊ शकले नाही. मग ते शाळेत शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात वनस्पतींचा अभ्यास करू लागले. या स्वाध्यायाच्या बळावर १८७२ मध्ये नॉर्मल या गावातील वस्तुसंग्रहालयाचे प्रमुखपद त्यांना लाभले. पदवी नसलेल्या या अभ्यासकास १८८४ मध्ये इंडियाना विद्यापीठाने डॉक्टरेट दिली.

मासे काय खातात, हे जाणण्यासाठी फोर्ब्ज यांनी असंख्य माशांची पोटे तपासली. त्यांत किड्यांच्या अळ्या, गोगलगाई, शिंपले आणि सूक्ष्म जलचर सापडले. पाण्यातील सर्व जीव एकमेकांशी साखळीसारखे जोडलेले आहेत, हे त्यांना उमगले. तळे म्हणजे एक छोटेसे विश्वच होय, हा विचार त्यांनी १८८७ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडला. नदीतील जीवसृष्टीचा सतत अभ्यास व्हावा, म्हणून १८९४ मध्ये त्यांनी इलिनॉय नदीकाठी हॅवाना येथे संशोधन केंद्र स्थापन केले.

अशा वेळी त्या नदीवर मोठे संकट ओढवले. शिकागो शहराचे सांडपाणी पूर्वी मिशिगन सरोवराकडे वाहत असे आणि त्याच सरोवरातून लोक पिण्याचे पाणी घेत. रोगराई टाळण्यासाठी कालवा खणून नदीचा प्रवाह उलटा फिरविण्यात आला. जानेवारी १९०० मध्ये कालवा सुरू झाला. शहराचे पाणी वाचले. पण सारी घाण इलिनॉय नदीत येऊ लागली. काठावरील अनेक कोळी कुटुंबांचे पोट या नदीच्या माशांवर अवलंबून होते.

फोर्ब्ज आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रिचर्डसन यांनी नदीची तपासणी हाती घेतली. ठिकठिकाणी तळाचा गाळ वर काढून त्यातील जीव वेचले, ओळखले आणि मोजले. घाणीच्या मुखाजवळ काळा, दुर्गंधी गाळ होता. खाली जावे तसतशी जीवसृष्टी पालटत गेली. प्राणवायू अगदी थोडा असला, तरी तग धरणारे गांडुळासारखे बारीक तांबडे किडे घाणीत उदंड वाढतात. उलट, मेफ्लाय या नाजूक माशीच्या अळ्यांना बहुधा प्राणवायूने समृद्ध असे पाणी लागते. अशा निरीक्षणांवरून त्यांनी १९१३ मध्ये नदीचे अतिघाण पाण्यापासून स्वच्छ पाण्यापर्यंत चार पट्टे ठरविले. जर्मनीतील कोल्कविट्झ व मार्सन या शास्त्रज्ञांनीही थोडे आधी अशीच पद्धत मांडली होती.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणापुरती हकिकत सांगते. रात्री सोडलेली घाण सकाळपर्यंत वाहून गेली, तर बाटलीला तिचा पत्ता लागत नाही. तळाच्या अळ्या मात्र कित्येक महिने एकाच जागी राहतात. त्या मेल्या असतील, तर कोणीतरी नदीला इजा केली आहे, हे लपून राहत नाही.

१९१७ मध्ये फोर्ब्ज राज्याच्या निसर्गेतिहास सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख झाले. १३ मार्च १९३० रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था वाढली, १९७२ मध्ये कडक कायदाही झाला आणि इलिनॉय नदीची प्रकृती पुष्कळ सुधारली. आज जगभर ओढ्यांत जाळी धरून, दगड हलवून, असेच जीव गोळा करतात आणि त्यांवरून पाण्याची पारख करतात. चिखलातील य:कश्चित किड्याची साक्षही मोलाची असते, हे ओळखणारी दृष्टी फोर्ब्ज यांच्यापाशी होती. तीच त्यांची खरी थोरवी होय.