थोरले नारळीकर

नेसरीचे नाव निघाले की ऐकणाऱ्याला प्रतापराव गुजर आणि खिंडीतले ते सात वीर आठवतात. ते योग्यच आहे. पण गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात जयंत नारळीकरांचे एक पुस्तक हाती आले आणि आपल्याच जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाचा मला पत्ता लागला. ते म्हणजे जयंतरावांचे वडील, विष्णु वासुदेव नारळीकर. २० मे २०२५ रोजी जयंतराव गेले तेव्हा गावातल्या चहाच्या टपरीवरही त्यांचा विषय निघाला होता. गणितातली जाणती माणसे वडिलांना तेवढ्याच आदराने ओळखतात. आम्हां कला शाखेच्या मुलांपर्यंत मात्र ते पोचलेच नाहीत.

मी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बी. एस्सी. होऊन ते १९२८ मध्ये केंब्रिजला गेले. तिथे ते रँग्लर झाले आणि खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक त्यांनी मिळवले. (पुढे मुलानेही तेच पदक मिळवले!) मग त्यांनी एडिंग्टन यांच्या हाताखाली संशोधन केले. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून वाकतो हे तपासायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बेटावर गेलेले ते हेच एडिंग्टन.

आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत १९१५ चा. त्यातली एक गोष्ट वाचून माझी झोप उडाली. जड वस्तूच्या जितके जवळ जावे, तितका काळ सावकाश चालतो! पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याच्या आकर्षणामुळे आपले घड्याळ, सूर्यापासून फार दूर ठेवलेल्या घड्याळाच्या मानाने, वर्षाला सेकंदाचा सुमारे तीन दशांश भाग मागे पडते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच. तिथले घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा वर्षाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम अडीचपट पुढे जाते. पण ज्याचे त्याला आपले घड्याळ बरोबरच वाटते. दुसऱ्याच्या घड्याळाशी ताडून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. आमच्या सोप्यातले घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडते, त्याला मात्र आइन्स्टाइन जबाबदार नाही.

एडिंग्टन यांनी यासाठी व्याधाच्या ताऱ्याकडे बोट दाखवले होते. व्याधाला एक बारकासा जोडीदार आहे. वजनाने सूर्याएवढा, आकाराने पृथ्वीएवढा. अणू हेही एक घड्याळच. तिथले अणू सावकाश कंप पावतील आणि त्यांचा प्रकाश तांबड्या बाजूला सरकेल, असा त्यांचा हिशेब होता. १९२५ मध्ये अमेरिकेत अॅडम्स यांनी तसे मोजल्याचे जाहीर केले. तो आकडा पुढे चुकीचा ठरला. कल्पना मात्र खरी निघाली. नव्या मोजणीप्रमाणे तिथले घड्याळ आपल्या एका दिवसात सुमारे २३ सेकंद मागे पडेल.

अशा विषयात रमलेला हा तरुण पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ मध्ये भारतात परतला आणि चोविसाव्या वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचा विभागप्रमुख झाला. हे वाचताना आधी मला थोडा राग आला. काशीला गेले, मग कोल्हापूरला का नाही आले? नंतर ध्यानात आले की शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. तीस वर्षे आधी ते इथे येऊन कुणाला सापेक्षता शिकवणार होते?

तसे पाहता काशीतही ते सोपे नव्हतेच. त्या काळात जगातले बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ अणूच्या मागे लागले होते आणि सापेक्षतेकडे ओढा कमी होता. विष्णुपंतांनी ती धरून ठेवली. १९४२ मध्ये गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य नोकरी नसताना, बायकोमुलासह, पदरच्या पैशावर त्यांच्याकडे शिकायला आले. श्वार्त्सशिल्डने १९१६ मध्ये न उजळणाऱ्या ताऱ्याचे गणित सोडवले होते. पण खरा तारा प्रकाश फेकतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा गेली की वजन घटते. मग त्याचे आकर्षण आणि त्याच्याजवळच्या काळाची चाल यांचे काय होईल? विष्णुपंतांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी ते उत्तर १९४३ मध्ये शोधून काढले. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हा फरक नगण्य, म्हणून ते वीस वर्षे जवळजवळ पडून राहिले. १९६३ मध्ये क्वासार ओळखले गेले तेव्हा असे गणित लागते हे लोकांना उमगले. आज ते जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते. गुरूचे नाव त्यात नाही. मला हे फार मोठे वाटते, कारण निबंधावर आपले नाव पुढे की मागे यावरून आमच्या वर्गात परवाच भांडण झाले.

अठ्ठावीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्यांनी काशी सोडली. पुढे ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि नंतर पुणे विद्यापीठात पुन्हा गणित शिकवू लागले. घरी पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. १ एप्रिल १९९१ रोजी विष्णुपंत वारले.

मोबाईलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळे दिवसाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पट पुढे जातात. ते आधीच दुरुस्त केले नाही, तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल. नेसरीची खूण भलत्याच गावावर पडेल. हे मी वडिलांना सांगितले. ते ऊस भरून दमून आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि बी. ए. नंतर एम. ए. ला कोल्हापूरला राहायचे तर महिन्याला किती लागतील, असे विचारले. तो आकडा मी अजून काढतो आहे.