उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद आणि भारतीय मोटार

भारतातील यंत्रोद्योगाचा इतिहास लिहिताना ज्या थोड्या व्यक्तींना वगळून पुढे जाताच येत नाही, त्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे स्थान फार वरचे आहे. रेल्वेचे बोगदे, सागरी जहाज, साखर, विमान आणि मोटार अशा परस्परांहून भिन्न क्षेत्रांत त्यांनी पाऊल टाकले. यांपैकी मोटारीच्या उद्योगाची कथा विशेष मननीय आहे. त्या कथेत जिद्द आहे, दिरंगाई आहे, वैभव आहे आणि अखेर ऱ्हासही आहे. व्यापार-उदिमात असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ती जाणून घ्यावी अशी आहे.

शेठजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापुरास आले आणि तेथेच स्थिरावले. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी व सावकार होते. त्याचबरोबर दिगंबर जैन समाजातील सुधारक म्हणून त्यांची कीर्ती होती. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. परंतु पदवी पूर्ण होण्यापूर्वीच घरच्या व्यवसायाने त्यांना परत बोलाविले.

कापसाची आडत आणि सावकारी म्हणजे काय, हे बोरी-जिंतूर परिसरातील वाचकांस निराळे सांगावयास नको. मालाची पारख, उधारीचा हिशेब आणि हंगामाची वाट पाहणे, यांतच आयुष्य जाते. तो मार्ग सुरक्षित होता, प्रतिष्ठेचाही होता. तथापि वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेच्या कचेरीतील कारकुनी सोडून ठेकेदारीत आलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी १९०३ साली भागीदारी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीचा आरंभ झाला. हीच अरुंद लोहवाट पुढे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. फाटकांपाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल व धाडस होते. जातीपातीचा वा घराण्याचा विचार न करता गुण पाहून माणूस जोडण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व उद्योगांत दिसून येते. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाच्या बोगद्यांचे काम त्यांनी केले आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस असल्याचे कळताच त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी मित्रांना सोबत घेऊन ती खरेदी केली व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडे पाडून या नव्या कंपनीस बुडविण्याचा प्रयत्न केला. परंतु सिंदिया तगली. परकीय सत्तेखाली स्वदेशी उद्योग चालविणे म्हणजे बाजाराशी आणि सरकारशी एकाच वेळी झुंजणे होय, हा धडा शेठजींना येथे मिळाला. मोटारीच्या प्रकरणी तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडला.

त्या काळी हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असे नव्हे. उलट जगातील अत्यंत महागड्या मोटारी येथील संस्थानिकांच्या तबेल्यांत उभ्या असत. पतियाळा, म्हैसूर, ग्वाल्हेर अशा कितीतरी दरबारांत रोल्स-रॉइस गाड्यांचे ताफे होते. परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत सिंहासनासारखी बैठक असलेली पिवळी रोल्स-रॉइस मागविण्यात आली. ती इंग्लंडहून तयार होऊन आली, तोपर्यंत त्यांचे निधन झालेले होते. ती गाडी पुढे फारशी धावलीच नाही. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. रयतेच्या करातून आलेला पैसा अशा रीतीने परदेशी कारखानदारांकडे जात होता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला खरा. परंतु तेथे परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्याचेच काम चाले. मोटार विकत घेणारे पुष्कळ होते, विकणारेही होते, घडविणारा मात्र कोणी नव्हता.

ही उणीव प्रथम ज्यांनी नेटाने मांडली ते थोर अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून मोटार उद्योगाची योजना तयार केली. ती प्रत्यक्षात उतरविण्याचा भार शेठ वालचंदांनी स्वीकारला. मुंबई प्रांतात १९३७ साली आलेले काँग्रेसचे मंत्रिमंडळ या योजनेस अनुकूल होते. १९३९ साली शेठजी अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणी जमली नाहीत. अखेर क्रायस्लर कंपनीने सहकार्याची तयारी दर्शविली आणि १९४० साली तिच्याशी करार झाला. दरम्यान महायुद्ध सुरू झाले होते, मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि योजनेचा मोठा आधार नाहीसा झाला होता.

युद्धकाळात लष्कराला हजारो मोटारगाड्यांची गरज होती. अशा वेळी स्वदेशी कारखान्यास सरकारने हात द्यावा, ही अपेक्षा कोणासही रास्त वाटेल. परंतु दिल्लीच्या परकीय सरकारने या उद्योगास युद्धोपयोगी मानण्याचे नाकारले. यंत्रसामग्री बाहेरून आणण्यास परवानगी मिळेना. करार हातात, मनुष्यबळ तयार, आणि कारखाना मात्र कागदावर, अशा स्थितीत कित्येक वर्षे गेली. व्यापारात विलंबाची किंमत काय असते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. येथे तर एका देशाच्या उद्योगाचाच हंगाम टळत होता.

याच अमेरिकेच्या दौऱ्यातून परतताना विमानप्रवासात शेठजींची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी भेट झाली. मोटारीसाठी गेलेला हा उद्योजक विमानाचा विचार घेऊन परतला. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथून पहिले विमान उडाले. परंतु एप्रिल १९४२ मध्ये सरकारने शेठजींचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था त्याच रोपट्याचा वृक्ष आहे.

विशाखापट्टणम येथील जहाजबांधणीचा कारखानाही त्यांचाच. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढील एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम खोळंबले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे जहाज समुद्रात उतरले. हा कारखानाही १९५२ साली सरकारच्या हाती गेला. ज्या वस्तू त्यांनी देशास दिल्या, त्यांची मालकी बहुधा त्यांच्यापाशी राहिली नाही.

मोटारीचा उद्योग मात्र त्यांच्या समूहाकडे राहिला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदविली गेली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो व प्लिमथ या नावांची वाहने बाहेर पडू लागली. १९४० च्या करारापासून सात वर्षे लोटली होती. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली स्थापन झालेली होती. या दोन कंपन्यांच्या रूपाने भारतीय मोटार उद्योगाचा पाया घातला गेला. १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रीमियरने इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य केले. मोठ्या अमेरिकन गाडीपेक्षा लहान व काटकसरी गाडी मध्यमवर्गास परवडेल, हा त्यामागील हिशेब होता आणि तो अचूक ठरला.

नव्या भारत सरकारने १९५३ साली असे धोरण घेतले, की ज्यांना येथे सुटे भाग क्रमाक्रमाने तयार करावयाचे आहेत त्यांनीच येथे राहावे. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने त्यानंतर आपला शिवडीचा कारखाना बंद केला. विश्वेश्वरय्या व वालचंद यांनी जे मागितले होते ते राष्ट्राचे धोरण झाले. परंतु त्याचा लाभ पाहण्यास शेठजी उरले नाहीत. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात बंधू लालचंद यांनी व पुढील पिढीने उद्योग सांभाळला. फियाट ११०० ही गाडी घराघरांत पोहोचली आणि १९७४ च्या सुमारास तीच चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच बनले. परवान्यांच्या त्या काळात स्पर्धक मोजके होते. गाडीची नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. माल तयार होण्यापूर्वीच विकला जात होता, त्यामुळे तो सुधारण्याची निकड भासेना. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटले. १९९० नंतरच्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली; पण कामगार तंटे व अपुरी विक्री यांमुळे ती टिकली नाही. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. हौशी संग्राहक आता जुन्या पद्मिनी शोधून, रंगवून, बाळगून ठेवतात.

प्रीमियरचा ऱ्हास हा शेठजींचा पराभव मानणे योग्य होणार नाही. मोटार उद्योग हा जगभर असाच कठोर आहे. प्रीमियरला हात देणारी क्रायस्लर कंपनी २००९ साली दिवाळखोरीत गेली व तिला फियाटने सावरले. पुढे २०२१ साली प्यूजोचा समूहही त्यांत मिसळून स्टेलँटिस ही एकच कंपनी झाली. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याचे तिन्ही परदेशी भागीदार आज एकाच छत्राखाली आहेत. जनरल मोटर्सही २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. भारतातील विक्री तिने २०१७ मध्ये थांबविली. फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ साली जाहीर केला. कोणताही पेढी-व्यवहार केवळ नावावर वा पूर्वपुण्याईवर चालत नाही, हेच यावरून दिसते. संरक्षणाची भिंत रोपट्यास हवी असते. झाड मोठे झाल्यावरही ती काढली नाही तर मुळे खोल जात नाहीत. शेठजींनी सरकारकडे आधार मागितला होता तो आरंभासाठी. त्या आधारावर पुढे विसावणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

शेठजींच्या कार्यातही उणिवा होत्या. एक काम स्थिर होण्यापूर्वी ते दुसऱ्यास हात घालीत. त्यामुळे भांडवलाची ओढाताण होई आणि सरकारच्या हाती उद्योग देण्याची वेळ येई. परंतु त्यांनी आखलेल्या रेषेवर इतरांना पुढे जाता आले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर, मालेगावजवळील रावळगाव, सांगली व सोलापूर येथील त्यांच्या नावाची अभियांत्रिकी महाविद्यालये आजही त्याची साक्ष देतात. १९२७ साली त्यांनी स्थापन केलेली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था राज्यातील व्यापाऱ्यांचे व्यासपीठ बनली.

निजामाची पिवळी मोटार राजवाड्यात जपून ठेवलेली आहे. ती शोभेची आहे, मौल्यवान आहे. परंतु तिने कोणास रोजगार दिला नाही, कोणास कारागिरी शिकविली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या साध्या गाड्या भंगारात गेल्या. पण लेथवर काम करणारे कारागीर, सुटे भाग बनविणारे लहान कारखानदार आणि गाडी चालवून संसार करणारे हजारो टॅक्सीचालक त्या गाड्यांनी उभे केले. पुढे पुणे, पिंपरी-चिंचवड, छत्रपती संभाजीनगर येथे वाहन उद्योग बहरला. मराठवाड्यातील कित्येक तरुण आज तेथे कामास आहेत. देशात मोटार घडू शकते हा विश्वास ज्यांनी आरंभी दिला, त्यांत शेठ वालचंद अग्रभागी होते. संग्रहाने परिग्रह वाढतो, निर्मितीने समाज वाढतो. कापसाच्या आडतीवर जन्मलेल्या या सोलापूरकराने निर्मितीचा मार्ग निवडला, हेच त्यांचे खरे मोठेपण होय.