ठक्करबाप्पा आणि आपली आश्रमशाळा

मित्रांनो, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून पत्र्याची पेटी घेऊन आपण आश्रमशाळेत आलो आणि शिकलो. अशा शाळांची वाट ज्यांनी पाडली, त्यांच्यापैकी ठक्करबाप्पांची ओळख आपल्या मुलांना व्हावी म्हणून हे लिहितो.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगरला झाला. पुण्यात शिकून ते इंजिनिअर झाले. युगांडा रेल्वेवर, सांगली संस्थानात आणि पुढे मुंबई महापालिकेत त्यांनी नोकरी केली. मुंबईत सफाई कामगारांचे जिणे जवळून पाहिल्यावर नोकरीत मन रमेना. १९१४ साली राजीनामा देऊन ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले.

पंचमहालच्या दुष्काळात भिल्लांचे हाल पाहून त्यांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ काढले. पाडे विखुरलेले, रोज शाळेत येणे अवघड; म्हणून मुलांनी शिक्षकांबरोबर आश्रमातच राहायचे, अक्षरांबरोबर शेती आणि सूतकताईही शिकायची, अशी ही पद्धत. पुढे संविधान सभेत आदिवासी भागांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. आज पेठ, सुरगाणा, कळवण ज्या पाचव्या अनुसूचीत येतात, तिच्यामागे हेही काम आहे. १९५१ साली ते गेले.

बाप्पांचे मत सर्वांना पटले नव्हते. आदिवासींना वेगळे ठेवणे त्यांना घातक वाटे. १९४१ साली पुण्यातील व्याख्यानात त्यांनी तेच मांडले. व्हेरियर एल्विन यांना मात्र बाहेरच्यांच्या घाईने आदिवासींचे जगणेच मोडेल, अशी भीती होती. कॅनडात सरकारने मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून सक्तीने तोडली, शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही. बाप्पांची वाट तशी नव्हती; त्यांचे कार्यकर्ते भिल्लांमध्ये जाऊन राहिले. तरीही एल्विन यांची शंका मला खोटी वाटत नाही. शाळेने मला नोकरी दिली, कोर्टकचेरीत ताठ उभे राहायला शिकवले. पण माझ्या मुलीला आमची कोकणा बोली समजते, बोलता येत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. या मेळाव्यात एक संध्याकाळ आपापल्या बोलीत बोलू या. घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वहीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयाला देऊ या. बाप्पांनी मुलांच्या हाती पाटी दिली. तिच्यावर आपली बोली लिहिण्याचे काम आपले आहे.