वाहून गेलेली माती वजन करून दाखवणारा माणूस : ह्यू बेनेट

पावसानं पडलेली घळ सगळ्यांना दिसते. पण अख्ख्या रानावरून पापुद्र्यासारखी निघून गेलेली माती कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या ह्यू हॅमंड बेनेट यांनी सगळं आयुष्य या न दिसणाऱ्या धुपेमागं घालवलं.

१८८१ साली नॉर्थ कॅरोलायनात, कापूस पिकवणाऱ्या घरात त्यांचा जन्म. लहानपणी ते वडिलांबरोबर उताराच्या रानात बांध आखायचे. १९०३ मध्ये सरकारी माती सर्वेक्षणात लागले. १९०५ साली व्हर्जिनियातल्या लुईसा काउंटीत जमिनीचा कस का गेला, ते बघायला गेले. तिथं एकाच उतारावर झाडी आणि तिला लागूनच शेत. झाडीतली माती भुसभुशीत, ओल धरलेली. शेतातली टणक, चिकण. जमीन मुळात एकच! शेताचा वरचा थर पावसानं थोडा थोडा करून नेला होता आणि मालकाला पत्ताच नव्हता.

पण नुसत्या सांगण्यानं कोण ऐकतं? आकडा लागतो. मिझुरीत १९१७ पासून मोजणी चालू होती. उतारावर ९०.७५ फूट लांब, ६ फूट रुंद वाफा आखायचा, कडेनं पत्रे किंवा फळ्या ठोकायच्या, खाली टाकी. टाकीत आलेलं पाणी आणि गाळ मोजायचा. हिशेब असा निघाला की सतत मका घेतला तर सात इंच माती जायला सुमारे ५० वर्षं पुरतात. गवत असेल तर ३००० हून जास्त लागतील. बेनेट यांनी १९२८ मध्ये पुस्तिका काढून सरकारला हलवलं. १९२९ मध्ये १ लाख ६० हजार डॉलर मिळाले आणि अशी मोजणी करणारी केंद्रं बऱ्याच राज्यांत उभी राहिली.

१९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या कून व्हॅलीत काम सुरू झालं. तीव्र उतारावर गुरांना चराईबंदी, तिथं झाडं, खाली समपातळीत पट्ट्यांची पिकं. चराईबंदी म्हटल्यावर कुरकुर कुठल्या गावात होत नाही? तरी शेकडो शेतकरी सामील झाले.

१९३५ मध्ये संसदेपुढं बेनेट बोलत असताना बाहेर धुळीचं वादळ आलं, असा किस्सा सांगतात. त्याच एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. १९५१ पर्यंत ते त्या खात्याचे प्रमुख होते. १९६० साली वारले. पुढं अभ्यासकांनी कून व्हॅलीच्या ओढ्याकाठचा गाळ मोजला, तर तो साचण्याचा वेग १९३० च्या दशकाच्या मानानं कितीतरी कमी झालेला निघाला.